ओतीव अंगठीही हाताचीच असते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत चांदीच्या धंद्यावर आलेला लेख सवडीनं वाचला. हुपरीतली घरं, ओसरीवर मांडलेली पैंजणं, डाग देताना, म्हणजे कड्यांचे सांधे जोडताना, फुंकणीवर वाकलेल्या बायका हे सगळं लेखकानं जवळून पाहिलंय, हे कळतं. माझं सासर हुपरीचं, त्यामुळे वाचताना बरं वाटलं. तक्रार आहे ती लेखाच्या शेवटाबद्दल. तिथं सरसकट असं म्हटलंय की ओतकाम, म्हणजे बाजारात ज्याला नुसतं ‘कास्टिंग’ म्हणतात ते, यंत्राचं काम आहे आणि त्याच्यामुळे हाताचं काम संपत चाललंय. लेख छापून आल्यावर एका गिऱ्हाइकानं पुरवणीचं ते पान माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “मग ताई, तुम्ही हाताचे पैसे कशाचे लावता?” त्यांना मी समोर बसवून सांगितलं. पण लेख हजारो घरांत गेलाय, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापुरात गुजरीजवळ, म्हणजे सोनारांच्या पेठेजवळ, मेणकाम करते. मेणात अंगठी कोरायची, ती प्लास्टरमध्ये पुरायची, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि मागं राहिलेल्या पोकळीत चांदी ओतायची, असा हा धंदा. कोरणं माझ्याकडे, भट्टी आणि ओतकाम यजमानांकडे. यंत्रं आमच्याकडे आहेत. हवा खेचणारा पंप आहे, विजेची भट्टी आहे, पॉलिशची मोटर आहे. त्यांतलं एकही यंत्र अंगठीचा आकार ठरवत नाही. आकार मेणातच ठरतो. तो कसा, हे एका अंगठीच्या निमित्तानं सांगते.

गडहिंग्लजकडचा एक तरुण आजीची पैंजणं घेऊन आला. आजी वारलेली, पैंजणं झिजून कड्या उघडलेल्या. त्याला ती मोडीत घालायची नव्हती. त्याच चांदीची अंगठी हवी होती आणि तिच्यावर शाळूचं कणीस हवं होतं, कारण आजीचं सगळं आयुष्य शाळूच्या रानात गेलं.

अशा वेळी बरेच जण पैंजणं थेट मुशीत, म्हणजे चांदी वितळवायच्या भांड्यात, टाकतात. आम्ही टाकत नाही. पैंजणाच्या कडी-कडीला डाग असतो. डागात जस्त असतं, जुन्या मालात कधी कथील किंवा शिसंही निघतं. पैंजणात ते चालून जातं. पण तीच चांदी आटवून ओतली की जस्ताची वाफ होते आणि अंगठीत बारीक भोकं राहतात. शिसं चांदीच्या कणांच्या मधे बसून तिला ठिसूळ करतं. शिवाय जुन्या पैंजणांचा टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, किती निघेल याचा काही नेम नसतो. म्हणून आधी गलाई, म्हणजे चांदी गाळून शुद्ध करणं. खानापूर-आटपाडी भागातली गलाईची माणसं देशभर पसरलेली आहेत, आमचं कामही त्यांच्यातलेच एक गृहस्थ करतात. त्यांनी ती चांदी नायट्रिक आम्लात विरघळवली आणि त्यात तांब्याची पट्टी सोडली. तांबं विरघळत गेलं तशी शुद्ध चांदी करड्या गाळाच्या रूपात तळाशी बसली. ती धुऊन, आटवून आमच्या हाती आली. मग ३७ ग्रॅमला ३ ग्रॅम तांबं या हिशेबानं ९२५ ची मिसळ केली. निव्वळ शुद्ध चांदी अंगठीला फार मऊ पडते. बोटातली वस्तू दिवसभर कशावर ना कशावर आपटत असते, तिला हे साडेसात टक्के तांबं लागतंच.

आता मेण. कोरायचं मेण मधमाश्यांचं नसतं, ते हाताच्या उबेनंच वाकतं. कारखान्यात तयार केलेलं कडक मेण नळीच्या रूपात विकत मिळतं. हिरवं सगळ्यांत कडक, जांभळं मधलं, निळं जरा लवचीक. बारीक नक्षीला मी हिरवं घेते, कारण त्याची कड धारदार राहते. मात्र सुरी जोरात लावली तर टवका उडतो. नळीतून चकती कापायची ती पिळाच्या पातीनं, साध्या पातीच्या दातांत मेण चिकटून बसतं. मग माप. आपल्याकडचं १८ नंबर म्हणजे आतला घेर ५८ मिलिमीटर. मेण मी त्याहून किंचित लहान ठेवते, कारण ओतून झाल्यावर आतली बाजू कानशीनं साफ करताना भोक वाढतं. बाहेरच्या अंगाला केसभर जास्त जाडी ठेवते, कारण घासताना आणि पॉलिश करताना तेवढी जाणारच.

कणसासाठी मी त्या तरुणाला शेतातलं एक खरं कणीस आणायला सांगितलं आणि ते समोर ठेवून कोरलं. शाळूचे दाणे एका मापाचे नसतात. सगळे सारखे गोल कोरले तर ते कणीस न दिसता बुंदी दिसते. शिवाय दाणा अर्धा तुसात दडलेला असतो. ते तूस दाखवलं नाही तर दाणा नुसता चिकटवल्यासारखा वाटतो. प्रत्येक दाणा आधी सुईनं आखायचा, मग बारीक कोरणीनं त्याच्या कडेनं उतरत जायचं. दोन दाण्यांमधली खाच वर रुंद आणि तळाशी अरुंद असावी लागते. उलटी झाली तर त्या खाचेत प्लास्टरचा पातळ पापुद्रा उभा राहतो, चांदीच्या लोटानं मोडतो आणि तो तुकडा वाहत जाऊन अंगठीत भलतीकडेच खड्डा पाडतो. म्हणजे मेण कोरताना नुसतं दिसण्याकडे पाहून भागत नाही. पुढं प्लास्टर कसं बसेल, चांदी कुठून शिरेल, कुठं आधी थंड होईल, हे सगळं कोरतानाच डोक्यात ठेवावं लागतं. हे कुठलं यंत्र करतं ते लेखकानं मला सांगावं.

नक्षी झाली की अंगठी आतून पोखरायची, म्हणजे उगाच वजन चढत नाही. मेण दिव्यासमोर धरलं की हिरव्या रंगाच्या गडद-फिक्यावरून जाडी कळते. फार पातळ केलं तर चांदी तिथं पोचण्याआधीच गोठते आणि अंगठी अर्धवट निघते. किती पातळ चालेल हे मापकावर दिसतं खरं, पण नक्षीच्या खाचेत मापकाचं टोक शिरत नाही. तिथं नजरच.

कोरून झाल्यावर वजन करायचं. मेण पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं आणि ९२५ चांदी पाण्याच्या दहापटीहून थोडी जड, म्हणून मेणाच्या १ ग्रॅमला साडेदहा ग्रॅमच्या आसपास चांदी धरायची. ही अंगठी मेणात पाऊण ग्रॅम भरली, म्हणजे चांदीत जवळपास आठ ग्रॅम. वाटेतल्या नळीत आणि वर बोंडात, म्हणजे नळीच्या तोंडाशी साठणाऱ्या गोळ्यात, राहणारी चांदी निराळी. हाच हिशेब चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. मूर्ती मेणात घडवायची, माती लावण्याआधी मेण तोलायचं आणि चांदी ओतायची असेल तर मेणाच्या बारापट घ्यायची, असं तिथं सांगितलंय. साडेदहा अधिक वाटेतली चांदी धरली की आमच्या वहीतला आकडाही बाराच्या आसपासच जातो. त्याच ग्रंथात मातीचे तीन थर सांगितलेत. जळलेला तूस, कापूस आणि मीठ घालून बारीक वाटलेली माती, पहिला थर अगदी पातळ, तो सावलीत वाळवायचा, मग पुढचे. आम्ही मातीऐवजी प्लास्टर वापरतो, पण मेणाला लागून बसणारा थर निर्दोष हवा, हे आजही तसंच आहे. कल्याणीच्या त्या राज्यात आपला दक्षिण महाराष्ट्र होता.

त्याही कितीतरी आधीचं पाहायचं तर प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला सापडलेली चार शिल्पं आहेत: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून ६० किलोंच्या वर वजन आणि चारही मेणावरून भरीव ओतलेली. त्या रथावर उभा असलेला माणूस आधी कुणीतरी मेणातच घडवला होता. दागिन्यांच्या कारखान्यांत ही पद्धत आजच्या रूपात आली ती मात्र दातांच्या डॉक्टरांच्या वाटेनं. विल्यम टॅगर्ट या अमेरिकी दंतवैद्यानं १९०७ मध्ये दाताच्या खड्ड्यात नेमकं बसणारं सोनं मेणाच्या नमुन्यावरून ओतण्याची रीत मांडली, आणि पुढच्या काही दशकांत ती सोनारांच्या हाती आली.

पुन्हा आमच्या अंगठीकडे येते. चांदी आत शिरायला वाट लागते, तिला धंद्यात स्प्रू म्हणतात. मेणाचीच दांडी, अंगठीच्या सगळ्यात जाड भागाला जोडलेली. चांदी गोठताना आकसते आणि आकसताना शेजारून चांदी ओढून घेते. दांडी बारीक असली तर ती अंगठीच्या आधी गोठते, पुरवठा बंद पडतो आणि अंगठीच्या पोटात स्पंजासारखी पोकळी राहते. वरून काही दिसत नाही. सहा महिन्यांनी अंगठी दारात चेमटली की तिथंच तुटते, आणि लोक म्हणतात कास्टिंगचा माल असाच. दोष दांडी जोडणाऱ्याचा असतो, पद्धतीचा नसतो. आम्ही कणसाच्या देठाजवळ, जिथं अंगठी भरदार होती, तिथं जाड दांडी दिली आणि जोडाला गोलाई ठेवली. तिथं टोकदार कोपरा राहिला असता तर प्लास्टर फुटून आत गेलं असतं.

मग ही अंगठी पोलादी डब्यात, म्हणजे फ्लास्कमध्ये उभी करायची आणि भोवती प्लास्टर ओतायचं. हे घराला लावायचं प्लास्टर नव्हे. त्यात जिप्सम आणि सिलिका असते. १०० ग्रॅम पावडरीला ३८ ते ४० मिलिलिटर पाणी. कालवल्यापासून घट्ट व्हायला लागेपर्यंत हातात जेमतेम नऊ मिनिटं असतात. तेवढ्यात कालवायचं, पंपाखाली धरून हवा काढायची, ओतायचं, पुन्हा हवा काढायची. हवेचा एक बुडबुडा मेणाला चिकटून राहिला की चांदीत तिथं एक गोळी येते. सपाट जागी आली तर छाटता येते. कणसाच्या दोन दाण्यांच्या मधे आली तर नक्षी गेली.

या पावडरीबद्दल मला मनापासून बोलायचंय. तिच्यातली सिलिका इतकी बारीक असते की श्वासातून थेट फुप्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. सिलिकोसिस हा आजार दगडखाणींतल्या माणसांना होतो, हे पुष्कळांना माहीत आहे. आमच्या धंद्यात बंद खोलीत, पंख्याखाली, नाकाला रुमाल बांधून पोरं ही पावडर तोलतात आणि संध्याकाळी फरशी कोरडीच झाडतात. रुमालानं ही धूळ अडत नाही. एन-९५ मास्क लागतो, फरशी ओल्या फडक्यानं पुसावी लागते, तोलताना पंखा बंद ठेवावा लागतो. साचा फोडायचा तोही पाण्यात. यातलं काहीच महाग नाही. आपल्या लेखात भट्टीच्या ज्वाळेचा सुंदर फोटो होता. पुढच्या वेळी या पावडरीबद्दल दोन ओळी छापल्यात तर कुणाची तरी छाती वाचेल. हाताच्या कामाची कळकळ असेल तर त्या हातामागच्या माणसाची आधी हवी.

प्लास्टर घट्ट झालं की दोनेक तास तसंच ठेवायचं आणि मग भट्टी. ती रात्रभर चालते. दीडशे अंशांच्या आसपास बरंचसं मेण वितळून खाली वाहून जातं, उरलेलं जळावं लागतं. पारा सावकाश चढवायचा, कारण सिलिकेचं अंग वाटेत दोन ठिकाणी एकदम फुगतं, एकदा २७० अंशांच्या आसपास आणि दुसऱ्यांदा ५७३ अंशांना. तिथं घाई केली तर साचा तडकतो आणि चांदी तड्यात शिरून अंगठीला पंख फुटतात. शेवटी ७३० अंशांवर काही तास ठेवायचं. त्याच्या फार वर जाऊ द्यायचं नाही, कारण मग जिप्सम फुटून गंधकाचा वायू सुटतो आणि चांदी काळी, खडबडीत निघते. त्यानंतर साचा पाचशेच्या आसपास उतरवून धरायचा. नाजूक नक्षी असेल तर जरा गरम, भरीव काम असेल तर जरा थंड. या ‘जरा’ची पाटी भट्टीवर लावलेली नसते. ते यजमानांना ठाऊक असतं.

या घडीला मेण गेलेलं असतं. माझं सगळं कोरकाम आता प्लास्टरच्या आत एक रिकामी जागा असते आणि ती भरायला एकच संधी असते. ओतताना बिघडलं तर पुन्हा नळीतून चकती कापण्यापासून सुरुवात. वजनावर मजुरी ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

मुशीत आधी टाकणखाराचा लेप देऊन ठेवलेला असतो. ९२५ चांदी नऊशेच्या थोडी खाली, म्हणजे ८९३ अंशांच्या आसपास पुरती पातळ होते, पण ओतायची ती त्याहून बरीच गरम, साडेनऊशे ते हजारच्या मधे. फार तापवली तरी वाईट. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू पिते, स्वतःच्या आकारमानाच्या वीसपटीपर्यंत, आणि गोठताना तो सगळा बाहेर टाकते. तेव्हा अंगठीत भोकं पडतात. म्हणून वर कोळशाची पूड टाकायची, ज्योत पिवळसर ठेवायची, सळईनं एकदा ढवळायचं आणि विलंब न करता ओतायचं. खालून पंप हवा खेचत असतो, त्यानं चांदी दाण्यादाण्याच्या टोकापर्यंत पोचते. ओतणं क्षणात होतं.

बोंडाची लाली गेली की फ्लास्क पाण्यात बुडवायचा. प्लास्टर फुटून गळून पडतं. निघालेली अंगठी तांब्याच्या ऑक्साइडनं काळवंडलेली असते. सौम्य, कोमट गंधकाम्लात ठेवली की पांढरीफटक होते. त्या आम्लात लोखंडी चिमटा घालायचा नाही, घातला तर चांदीवर तांबं चढतं. तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरायचा. पुढं दांडी कापणं, कानस, पॉलिश कागद, मोटर, हे सगळ्या सोनारकामासारखंच. फक्त कणसाच्या खाचांत मी मोटर लावू देत नाही, तिथं काडीला कागद गुंडाळून हातानं घासते. मोटरनं दाण्यांचे माथे सपाट होतात.

माझे सासरे जन्मभर पैंजणं करत आले. ओतलेल्याला अंग नसतं, असं ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी इथं लपवत नाही. जंतरातून, म्हणजे भोकांच्या पट्टीतून, ओढलेली तार, ऐरणीवर ठोकलेली पट्टी ही ठोकता-ओढताना आतून घट्ट होत जाते. ओतलेली चांदी त्या मानानं मऊ असते. ९२५ चांदी लाल करून विझवायची आणि मग ३०० अंशांवर तासभर ठेवायची, म्हणजे ती बरीच कडक होते, तसं आम्ही करतोही. पण साखळी, पैंजण, करदोडा, पातळ कडं या वस्तू ओतूच नयेत. त्या तारेच्याच, पट्टीच्याच चांगल्या. उलट उठावाची नक्षी, एकसंध आकार, कणसासारखी जिवंत वस्तू जिथं हवी, तिथं मेणच पाहिजे. पट्टीवर ते उमटवायचं तर ठसा पाडावा लागतो, आणि एका अंगठीसाठी ठसा कोण पाडणार? दोन्ही कामं हाताची आहेत. एकानं दुसऱ्याला खाल्लं, असं लिहिल्यानं दोघांचंही नुकसान होतं.

लेखकाचा राग कशावर आहे ते मला समजतं. एक अंगठी चांदीत तयार झाली की तिच्यावरून रबराचा साचा बनवता येतो. त्यात पिचकारीनं मेण भरलं की हवी तेवढी मेणाची नक्कल निघते, ती एका दांडीवर झाडासारखी लावून एकाच वेळी ओतता येते. आता संगणकावर आकार काढून छपाईयंत्रानं थेट मेणासारखा नमुनाही मिळतो. मुंबईच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातून परदेशी जाणारा माल असाच बनतो. त्या कामाला मी कमी लेखत नाही. झाड लावणाऱ्या, शिवण साफ करणाऱ्या मुलींचे डोळे त्यात जातात, आणि संगणकावर आकार काढणाराही कारागीरच आहे. पण एकदाच कोरलेली अंगठी आणि रबरातून निघालेली पाचशेवी अंगठी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि काउंटरवर त्या एकाच तराजूत जातात.

एका मोठ्या पेढीनं माझ्याकडून एका नवरा-नवरीच्या जोडअंगठ्या कोरून घेतल्या होत्या. द्यायला गेले तेव्हा तिथल्या माणसानं त्या काट्यावर ठेवल्या, ग्रॅमला कास्टिंगचा चालू दर लावला आणि तेवढे पैसे पुढं केले. गिऱ्हाइकाला मात्र त्या हस्तकला म्हणून दिल्या गेल्या आणि घडणावळ तशीच आकारली गेली. पोखरून अंगठी हलकी करण्यात माझा जास्त वेळ गेला होता, आणि ती हलकी झाली म्हणून मला पैसे कमी मिळाले. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून जो तो हलकं मागतो, आणि हलकं करणाऱ्यालाच त्याचा दंड बसतो. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी, जिचा हात माझ्यापेक्षा बारीक चालायचा, आज मोबाईलच्या दुकानात बसते. तिथं पगार ठरलेला असतो.

म्हणून गुजरीतल्या आणि इतर ठिकाणच्या पेढ्यांना माझी जाहीर विनंती आहे. बिलावर एक ओळ वाढवा: ठोकून घडवलेली, मेणात एकदाच कोरून ओतलेली, की साच्यातून ओतलेली. कोरणावळ वेगळी लिहा, ओतणावळ वेगळी, चांदीचं वजन आणि टंच वेगळा. कोरणावळ ग्रॅमवर लावू नका, कामावर लावा. गिऱ्हाइकांनीही ९२५ चा शिक्का पाहतात तसं हे विचारावं. साच्यातली अंगठी घेण्यात काही वावगं नाही, ती स्वस्त पडते आणि नीट ओतली असेल तर टिकते. फक्त काय घेतोय ते कळून घ्यावं. आम्ही त्या गडहिंग्लजच्या तरुणाला असंच बिल दिलं. आजीच्या चांदीचं गलाईनंतरचं वजन, घातलेलं तांबं, अंगठीचं वजन, घट आणि परत दिलेलं बोंड-दांडी हे सगळं त्यावर आहे. त्यानं कोरणावळीवर एका शब्दानं घासाघीस केली नाही, कारण दाणे कोरले जाताना तो मधून मधून येऊन बघत होता.

आपल्या लेखकांनी हे काम एकदा डोळ्यांनी पाहावं, असं मला वाटतं. कोरणं दिवसा कधीही पाहता येईल. ओतकाम पाहायचं असेल तर भट्टी आदल्या संध्याकाळी लागते आणि चांदी सकाळी नऊच्या सुमारास ओततो, तेव्हा आधी कळवावं. प्लास्टर कालवण्याच्या वेळी थांबणार असतील तर मास्क आमच्याकडे आहेत.

कळावे,
आपली,
मेणकाम करणारी एक कारागीर,
कोल्हापूर